तिरक्या भिंतीवरचं पाणी

ऑक्टोबर उजाडला की चेन्नईच्या वर्तमानपत्रांत तलावांची एक छोटी चौकट रोज दिसू लागते. पूंडी, चोळवरम, रेडहिल्स, चेंबरंबाक्कम. प्रत्येकाची क्षमता किती, आजचा साठा किती, पातळी किती फूट. शहर वाचतं ते साठ्याचे आकडे, कारण उन्हाळ्यात नळाला पाणी येणार की टँकरमागे धावायचं ते त्यावर ठरतं. बांधाच्या कामाचा आकडा त्या चौकटीत एकच असतो, फुटांचा. चेंबरंबाक्कममध्ये ३,६४५ दशलक्ष घनफूट, म्हणजे साडेतीन टीएमसीहून थोडं जास्त पाणी मावतं. भिंतीवर किती बल येतं याच्या हिशेबात हा अवाढव्य आकडा कुठेच येत नाही. तिथे येतात फक्त पूर्ण भरलेल्या तलावाचे २४ फूट.

२४ फूट म्हणजे ७.३ मीटर. दर मीटर खोलीला प्रत्येक चौरस मीटरवर एक टन, हा गोड्या पाण्याचा भाव. पृष्ठभागावर दाब शून्य, तळाशी ७.३ टन, सरासरी ३.६५. भिंत उभी असेल तर तिच्या दर मीटर लांबीवर ३.६५ गुणिले ७.३, म्हणजे साधारण २६.६ टन बल येतं. तलाव काढून टाका, भिंतीसमोर वीतभर अंतरावर दुसरी भिंत बांधा आणि मधल्या फटीत तेवढ्याच उंचीचं पाणी ओता, तरी २६.६ टनच. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे पटत नाही आणि त्यात त्याचा काही दोष नाही. सिमॉन स्टेव्हिननं १५८६ मध्ये ही गोष्ट पुस्तकात मांडली, तेव्हा त्याच्या वाचकांनाही ती चमत्कारिकच वाटली असणार. पास्कलचा याच विषयावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापून आला आणि बल किती, हा प्रश्न तिथे जवळजवळ मिटला.

मग इतकी धरणं फुटली कशानं? माझं मत असं की बल किती, हा या विषयातला सर्वांत सोपा प्रश्न आहे. ते नेमकं कुठे लागतं, आणि भिंतीच्या मागे, खाली किंवा पोटात शिरलेलं पाणी काय करतं, हे दोन प्रश्न खरे अवघड. परीक्षेत गुण मिळतात पहिल्याला. धरणं जातात ती उरलेल्या दोघांपायी.

इंजिनिअरिंगला ‘मोदी-सेठ’ किंवा ‘बन्सल’चं पाठ्यपुस्तक उघडलेल्या प्रत्येकानं बुडालेल्या तिरक्या पृष्ठभागाचं प्रकरण घोकलेलं असतं. नियम एका ओळीचा आहे: पृष्ठभागाच्या केंद्रकावर, म्हणजे क्षेत्रफळाच्या मध्यबिंदूवर, जो दाब असेल, त्याला पृष्ठभागाच्या क्षेत्रफळानं गुणायचं. भिंत कितीही तिरकी असो, सूत्र तेच. मुलं चुकतात ती खोली मोजताना. उताराच्या बाजूनं मोजलेलं अंतर खोली म्हणून घातलं की उत्तर फुगतं. खोली ओळंब्यानं मोजायची, क्षेत्रफळ उतारावरचं घ्यायचं. इतकं पाळलं की गणित सुटतं. समजत मात्र नाही, कारण तिरकेपणानं नेमका काय फरक पडला ते सूत्र सांगत नाही.

ते समजून घ्यायला चेन्नईतल्या मैलापूरला जावं. कपालीश्वर मंदिराच्या तळ्याला चारही बाजूंनी पायऱ्या आहेत. त्यातली एकच पायरी घ्या. तिचा उभा भाग पाण्याकडे तोंड करून असतो, त्यावर पाणी फक्त आडवं ढकलतं. तिचा आडवा भाग आकाशाकडे बघतो, त्यावर पाणी फक्त खाली दाबतं, आणि ते दाबणं म्हणजे त्या पायरीवर उभ्या असलेल्या पाण्याच्या स्तंभाचं वजन. वरपासून खालपर्यंतचे सगळे उभे भाग एकावर एक रचले तर तेवढ्याच खोलीची एक उभी भिंत तयार होते. म्हणून पायऱ्यांवरचा आडवा जोर हा उभ्या भिंतीवरच्या जोराइतकाच, ना कमी ना जास्त. सगळ्या आडव्या भागांवरचा भार एकत्र केला तर पायऱ्यांच्या डोक्यावर जेवढं पाणी आहे तेवढं त्याचं वजन. आता पायऱ्या बारीक करत न्या, इतक्या बारीक की डोळ्याला सरळ उतारच दिसेल. हिशेब बदलत नाही. तिरक्या भिंतीचं सगळं शास्त्र या तळ्याच्या काठी बसून मांडता येतं, आणि त्यात कोनाची साइन-कोसाइन लागत नाही.

आता चेंबरंबाक्कमच्या खोलीला हे लावू. समजा पाण्याकडची बाजू एकास दोन उताराची आहे, एक मीटर खाली गेलं की दोन मीटर आत. उतारावरची लांबी १६.३ मीटर होते, सरासरी दाब तोच ३.६५, एकूण बल ५९.६ टन. उभ्या भिंतीच्या दुपटीहून जास्त! पण घाबरायचं कारण नाही. त्यातला आडवा भाग पूर्वीइतकाच, २६.६ टन. वाढला तो खालच्या दिशेचा ५३.३ टन, म्हणजे उतारावर बसलेल्या पाण्याच्या त्रिकोणाचं वजन. ढकलणारा जोर वाढलाच नाही आणि शत्रूनंच बांधाच्या पायावर बसून त्याला जमिनीत रोवायला मदत केली. मातीचे बांध आणि दगडी धरणांच्या पाण्याकडच्या बाजू तिरक्या ठेवण्यामागे मातीचा स्वभाव आहेच, पण हा नफाही आहे.

भिंत उलट झुकली, म्हणजे पाणी तिच्या पोटाखाली आलं, तर हाच आकडा चिन्ह बदलतो. भिंतीच्या वर, जिथे पाणी नाही तिथे, पृष्ठभागाच्या पातळीपर्यंत पाणी आहे असं कल्पून त्याचं वजन काढायचं. तेवढा जोर भिंतीला वर उचलतो. नसलेल्या पाण्याचं वजन हिशेबात धरायचं, ही गोष्ट विद्यार्थ्यांना फार खटकते. जहाजाचा तळ याच हिशेबावर तरंगतो, हे सांगितलं की थोडं पटतं.

दुसरा प्रश्न, बल लागतं कुठे. दाब खाली जास्त, म्हणून एकूण बलाची जागा मध्याच्या खाली सरकते. पृष्ठभागापर्यंत पोचलेल्या आयताकृती भिंतीवर ती दोन तृतीयांश खोलीवर असते. ७.३ मीटरच्या उभ्या भिंतीवर ती तळापासून २.४ मीटर उंचावर येते आणि भिंतीला पायाभोवती उलथवू बघणारा पीळ भरतो सुमारे ६५ टन-मीटर, दर मीटर लांबीला. यातून एक हिशेब निघतो जो धरणावर काम करणाऱ्यांच्या तोंडी असतो: पाणी दुप्पट उंच, तर जोर चौपट, आणि उलथवणारा पीळ आठपट. धरणाचा शेवटचा फूट पहिल्या फुटासारखा नसतो.

पूर्ण बुडालेल्या दरवाजाचं गणित आणखी मजेशीर. समजा उतारावर तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद दरवाजा आडव्याशी ६० अंशात तिरका बसवला आहे आणि त्याची वरची कड पाण्याखाली ४ मीटर आहे. केंद्रक ५.३ मीटर खोल, बल जवळपास ३१.८ टन. ते बल केंद्रकाच्या खाली उतारावर फक्त १२ सेंटीमीटरवर लागतं. दरवाजा मध्यावर आडव्या दांड्यावर फिरता ठेवला असेल तर हे १२ सेंटीमीटर त्याला ३.९ टन-मीटरचा पीळ देतात. आता दरवाजा आणखी वीस मीटर खाली न्या. बल कितीतरी वाढेल, अंतर त्याच प्रमाणात आक्रसेल, आणि पीळ राहील तोच, ३.९. कारण साधं आहे. जास्तीच्या वीस मीटरचा दाब सगळ्या दरवाजावर सारखा पडतो आणि सारखा दाब मध्याभोवती फिरवत नाही. फिरवतो तो वरच्या आणि खालच्या कडेमधला फरक, आणि तो खोलीनं बदलत नाही. घोकलेल्या सूत्रात हे लपलेलंच असतं, पण कुणी दाखवल्याशिवाय दिसत नाही.

बलाची जागा ओळखून तिचा फायदा उठवायचा, यातून दरवाजांचा सगळा इतिहास घडला. खडकवासल्याला सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये स्वयंचलित दरवाजे बसवले, ते पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्र्याला आणि कृष्णराजसागरालाही गेले. पाणी ठरावीक पातळीला आलं की दरवाजा आपोआप उघडावा, ही त्यांची कल्पना. अमेरिकेत जेरेमाया टेंटरनं १८८६ मध्ये पेटंट घेतलेला वक्र दरवाजा आज आपल्या बहुतेक मोठ्या सांडव्यांवर दिसतो. त्याचं पाण्याकडचं अंग वर्तुळाच्या कमानीचं असतं. पाण्याचा दाब पृष्ठभागाला नेहमी काटकोनात, आणि वर्तुळाला काटकोनात काढलेली प्रत्येक रेघ मध्यातून जाते. म्हणून सगळं बल दरवाजाच्या मागच्या खिळीतून जातं आणि यारीला उचलावं लागतं ते फक्त दरवाजाचं वजन आणि घर्षण. शेकडो टनांचा जोर खिळीवर सोपवून मोटार निवांत.

निवांत, पण घर्षण हिशेबात धरलं असेल तरच. कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम धरणाचा तिसऱ्या क्रमांकाचा वक्र दरवाजा १७ जुलै १९९५ रोजी उघडता उघडता मोडला. बल खिळीतून जातं हे रचनाकारांना पक्कं माहीत होतं. पण गंजलेली खिळी फिरताना अडते आणि त्या अडण्यानं दरवाजाच्या हातांना वाकवणारा पीळ येतो, तो त्यांनी धरला नव्हता. पाण्याचं बल बरोबर काढलं होतं. तो पीळ कुठल्याच ओळीत नव्हता.

उभ्या उचलायच्या दरवाजांचं दुखणं वेगळं. तुंगभद्रेवर, मद्रास आणि हैदराबाद या दोन राज्यांनी मिळून बांधलेल्या धरणावर, असे ३३ दरवाजे आहेत, प्रत्येक ६० फूट रुंद आणि २० फूट उंच. पाणी दरवाजाच्या माथ्यापर्यंत आलं की एकेकावर सुमारे ३४० टन बल येतं. हे बल खाचेतल्या चाकांवर जातं, साखळीवर नाही. साखळी धरते ते वजन. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री १९ क्रमांकाच्या दरवाजाची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. नंतर वाहत्या पाण्यात तात्पुरत्या पट्ट्या उतरवून ती फट बुजवावी लागली. त्याआधी २२ ऑगस्ट २०१८ ला तिरुचिरापल्लीजवळ मुक्कोंबूला, आर्थर कॉटननं १८३६ मध्ये उभ्या केलेल्या बंधाऱ्याचे नऊ दरवाजे गेले होते. अशा प्रसंगी बातम्यांत ‘पाण्याच्या प्रचंड दाबामुळे’ असं लिहून येतं. दाब तेवढाच होता जेवढा आधीच्या कित्येक पावसाळ्यांत होता.

आता तिसरा आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: भिंतीच्या पोटातलं आणि पायाखालचं पाणी. इथे मराठी वाचकाच्या ओळखीचं एक गाव येतं. ग्लासगोचे प्राध्यापक रँकिन यांनी दगडी धरणांच्या रचनेवर १८७२ मध्ये जो अहवाल लिहिला, तो मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी कॅप्टन टुलॉक यांनी केलेल्या विचारणेवरून. त्यात रँकिननी ठासून सांगितलं की दगडी बांधकामाला ताण सोसत नाही. धरण भरलेलं असो वा रिकामं, वजन आणि पाण्याचं बल मिळून जी रेघ निघते ती पायाच्या मधल्या एक तृतीयांश भागातच पडली पाहिजे. ती बाहेर गेली की पाण्याकडच्या बाजूचा सांधा उघडतो. हा नियम आजही शिकवला जातो. मुंबईच्या तहानेनं जगाच्या धरणशास्त्राला एक पान दिलं, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते.

रँकिनच्या नियमात एक भोक राहिलं. उघडलेल्या सांध्यात पाणी शिरलं तर ते आतून वर उचलतं, हे त्यात नव्हतं. फ्रान्समधलं बूझेचं धरण २७ एप्रिल १८९५ रोजी फुटलं, ऐंशीहून अधिक माणसं गेली, आणि त्यानंतर मोरिस लेव्ही यांनी या वर उचलणाऱ्या दाबाचा, म्हणजे इंजिनिअर ज्याला सरळ ‘अपलिफ्ट’ म्हणतात त्याचा, नियम मांडला. याची किंमत किती ते पाहा. पाण्याकडची बाजू उभी असलेलं त्रिकोणी दगडी धरण घेतलं आणि बांधकाम पाण्याच्या २.४ पट जड धरलं, तर अपलिफ्ट विसरून पायाची रुंदी उंचीच्या ०.६५ पट पुरते. अपलिफ्ट पूर्ण धरला तर ०.८५ पट लागते. जवळपास तीस टक्के दगड-चुना जास्त. पाण्याच्या त्रिकोणी दाबाचं गणित दोन्ही वेळा तेच. फरक फक्त पायाखालच्या पाण्याचा.

बूझे फुटलं त्याच वर्षी, ऑक्टोबर १८९५ मध्ये, मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड वेनलॉक यांनी पेरियार धरणाचं उद्‌घाटन केलं. कर्नल पेनीक्विक यांनी चुना-सुरखीत बांधलेलं हे धरण आज मुल्लपेरियार म्हणून रोजच्या भांडणाचं झालं आहे. धरण केरळात, चालवतं तमिळनाडू, पाणी पश्चिमेचं वळवून पूर्वेला वैगैच्या खोऱ्यात, आणि फायली चेन्नईत. बूझेनं जगाला अपलिफ्ट शिकवला तोवर हे धरण बांधून झालं होतं. १९७९ मध्ये मोरबीजवळचं मच्छू धरण फुटलं, त्याच वर्षी मुल्लपेरियारची पातळी १३६ फुटांवर आणली गेली. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये १४२ फुटांपर्यंत पाणी ठेवायला परवानगी दिली आणि २०१४ मध्ये घटनापीठानं ती कायम केली. मूळची पूर्ण पातळी १५२.

टीव्हीवरच्या चर्चेत ‘सहाच फुटांचा तर प्रश्न आहे’ असं ऐकू येतं. ही पातळी तळापासून मोजली आहे असं धरलं, तर १३६ वरून १४२ म्हणजे उंचीत साडेचार टक्क्यांहून कमी वाढ, आडव्या बलात ९ टक्के आणि उलथवणाऱ्या पिळात जवळपास १४ टक्के. १५२ ला नेलं तर बल २५ टक्क्यांनी आणि पीळ ४० टक्क्यांनी चढतो. म्हणजे सहा फूट हा ‘सहाच’ नाही. आणि दुसऱ्या बाजूनं, त्यानं प्रलय येतो असंही हे आकडे सांगत नाहीत. मधल्या काळात तमिळनाडूनं जे केलं ते या हिशेबाला सरळ उत्तर होतं. माथ्यावर काँक्रीटची टोपी चढवून वजन वाढवलं, पोलादी केबल धरणाच्या पोटातून खडकापर्यंत नेऊन ताणल्या, म्हणजे विकतचं वजन आणलं, आणि मागच्या बाजूला काँक्रीटचा आधार देऊन पाया रुंद केला. तिन्ही उपायांनी रेघ पुन्हा मधल्या तृतीयांशात ओढली जाते. माझं मत विचाराल, तर दोन्ही राज्यांनी भांडायचंच असेल तर पातळीच्या फुटांवरून नाही, जुन्या चुन्याच्या पोटात आज किती दाबाचं पाणी आहे यावरून भांडावं. तो आकडा मोजता येतो, आणि कोर्टात वकिलापेक्षा जास्त बोलतो.

आजच्या धरणांत पाण्याकडच्या बाजूजवळ आतून एक बोगदा, म्हणजे गॅलरी, ठेवतात आणि त्यातून पायात छिद्रं पाडतात. पायाखाली शिरलेलं पाणी त्या छिद्रांतून गॅलरीत पडून जातं आणि दाब उतरतो. भारतीय मानक ६५१२ प्रमाणे ही छिद्रं चालू असतील तर त्यांच्या रेघेवर मागच्या पाण्याचा दाब आणि त्यावर धरणापुढच्या व मागच्या पाण्याच्या फरकाचा एक तृतीयांश दाब धरायचा. छिद्रं बंद पडली आहेत असं धरूनही एकदा तपासायचं. ही दुसरी तपासणी कागदी नाही. गॅलरीत उतरलात तर छिद्रांच्या तोंडाशी पांढऱ्या चुन्याचे थर दिसतात, मुंबईच्या जुन्या चाळीच्या गच्चीखाली लोंबतात तसे. सिमेंटमधून विरघळलेला चुना तिथे येऊन साठतो आणि हळूहळू वाट बुजवतो. ठरावीक काळानं ती छिद्रं पुन्हा खोदून मोकळी करणारा माणूस धरणाच्या सुरक्षिततेत रचनाकाराइतकाच वाटेकरी असतो, आणि त्याचं नाव कुठल्याही पाटीवर नसतं.

इथवर सगळं स्थिर पाणी. भूकंपात पाणी धरणावर आदळतं आणि तिथे तिरकेपणाचा अर्थ बदलतो. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे धरण हललं आणि १०३ मीटर उंचीच्या त्या भिंतीला वरच्या भागात तडे गेले, नेमके जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो तिथे. वेस्टरगार्डनं १९३३ मध्ये उभ्या भिंतीवर भूकंपात वाढणाऱ्या पाण्याच्या दाबाचं सूत्र दिलं होतं. तिरक्या भिंतींसाठी झँगरनं १९५२ मध्ये विजेच्या प्रवाहाची उपमा वापरून प्रयोगशाळेत आकडे काढले, आणि भिंत जितकी तिरकी तितका हा जास्तीचा दाब कमी निघाला. स्थिर पाण्यात आडव्या जोराला उताराशी काही देणंघेणं नसतं, हलत्या पाण्यात असतं. बर्कलीच्या अनिल चोप्रांनी पुढे कोयनेचा सविस्तर अभ्यास केला, आणि उतार मोडतो त्या जागेचं वैगुण्य जगभरच्या अभ्यासक्रमांत गेलं. कोयनेला मागून टेकू देऊन सावरलं ते आपण बघतोच.

 

मातीचे बांध मात्र चेन्नईच्या भोवतीचं खरं वास्तव. चेंगलपट्टू जिल्ह्यात मदुरांतकमचा प्रचंड तलाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलेक्टर लायनेल प्लेस यांच्या कारकिर्दीत त्याचा बांध पावसात पुन्हा पुन्हा फुटायचा. एका वादळी रात्री त्यांना बांधावर धनुष्यबाण घेतलेले दोन तरुण पहारा देताना दिसले आणि बांध टिकला, अशी आख्यायिका आहे. तिथल्या देवळातल्या रामाला लोक ‘एरि कात्त रामर’ म्हणतात, तलाव राखणारा राम. त्या रामावरचा माझा विश्वास अबाधित ठेवूनही सांगतो की मातीच्या बांधाला पुढून येणाऱ्या दाबाची फारशी भीती नसते. वर पाहिलंच की तिरक्या बाजूवर बसलेलं पाणी बांधाला आधारच देतं. त्याचे वैरी तीन. माथ्यावरून वाहणारं पाणी, आतून झिरपत माती घेऊन जाणारं पाणी, आणि तलाव झपाट्यानं उतरला तर आत अडकून पडलेलं पाणी. शेवटचा प्रकार फसवा आहे. बाहेरचा दाब गेला म्हणून आपण सुस्कारा सोडतो, पण तोच दाब उतार टेकून धरत होता. आतली माती अजून पाण्यानं फुगलेली, तिचे कण एकमेकांना घट्ट धरू शकत नाहीत, आणि पाण्याकडची बाजू खाली घसरते. कणांमधल्या पाण्याचा दाब वेगळा काढून उरलेल्या जोरावरच मातीची ताकद मोजायची, हे टेर्झागी यांनी १९२० च्या दशकात स्पष्ट केलं आणि मातीच्या धरणांचं आधुनिक शास्त्र तिथून सुरू झालं.

पुण्याजवळचं पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला गेलं, तेही पुढच्या दाबानं नव्हे. पाणी सोडायच्या मोरीचं काम पक्कं झालं नव्हतं, तिच्यावरचा भराव खचला आणि खचलेल्या माथ्यावरून पाणी गेलं. पुण्याच्या घराघरांत आजही या तारखेची खूण आहे.

चेंबरंबाक्कमला १ डिसेंबर २०१५ च्या रात्री २९,००० क्युसेकपर्यंत पाणी सोडावं लागलं आणि अड्यार नदीकाठची वस्ती बुडाली. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं; महालेखापरीक्षकांच्या अहवालानं पाणी सोडण्याच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. नोव्हेंबर २०२० मध्ये निवार चक्रीवादळाच्या वेळी पातळी २२ फुटांवर येताच दरवाजे उघडले गेले. वरचे दोन फूट रिकामे ठेवले तर बांधावरचं आडवं बल पूर्ण भरलेल्यापेक्षा साधारण सोळा टक्क्यांनी कमी असतं. पण ते मोकळे ठेवण्याचं खरं कारण दाब नाही. पुढच्या पावसाला मावायला जागा हवी आणि पाणी माथ्यावरून जाता कामा नये, हे कारण. दाबाचा फायदा वर मिळालेला.

हाच सगळा प्रश्न चेन्नईच्या प्रत्येक घराखाली छोट्या आकारात आहे. इथे घरोघरी जमिनीखाली ‘सम्प’ असतो, काँक्रीटची टाकी, जीत मेट्रो वॉटरचं किंवा टँकरचं पाणी साठवतात. बाहेरून तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, दोन मीटर खोल, आणि सगळीकडून १५ सेंटीमीटर जाडीची टाकी धरली तर तिचं वजन साडेदहा टनांच्या आसपास भरतं. उन्हाळ्यात जमीन कोरडी, आतलं पाणी भिंतींना बाहेर ढकलतं, बाहेरची माती त्यांना धरते, काळजी नाही. नोव्हेंबरमध्ये रस्त्यावर पाणी साचलं आणि जमिनीतलं पाणी पार वर आलं की टाकीवर १२ टनांची उचल. टाकी रिकामी असेल तर दीड टनाचा तुटवडा, जो फक्त भोवतालची माती घट्ट धरून भरून काढते. म्हणून सम्प साफ करायचा असेल तर तो एप्रिल-मेमध्ये उपसावा, ईशान्य मान्सूनमध्ये नव्हे. ऐन पावसात उपसायची वेळ आलीच, तर आधी बाजूला खड्डा खणून त्यात जमिनीतलं पाणी कुठे आहे ते बघावं. ते टाकीच्या तळापेक्षा वर असेल, तर सम्प अर्धा भरलेलाच राहू द्यावा.